मास्तर पानाची शाळा

दिवाळी अंक छापून आला की आधी त्याचा वास घ्यायचा आणि मग चुका शोधायच्या, अशी आमच्याकडे पद्धत. एका वर्षी वास घ्यायलाही सवड मिळाली नाही. १९२ पानांचा अंक. प्रत्येक उजव्या पानाच्या तळाशी चालू वर्ष आणि प्रत्येक डाव्या पानाच्या तळाशी गेलं वर्ष! चुका मोजल्या तर ९६, केली होती मात्र एकच. आदल्या दिवाळीची फाईल उघडली, नव्या नावाने सेव्ह केली, मास्टर पेजवर जाऊन साल बदललं आणि चहाला गेलो. मास्टर पेज जोडीने असतं, डावं वेगळं, उजवं वेगळं, ही गोष्ट त्या चहात विरघळली.

ज्यांनी कधी पानं लावली नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मास्टर पेज म्हणजे फाईलमधलं असं पान, ज्यावर ठेवलेला पृष्ठांक, अंकाचं नाव, नक्षी, कॉलमच्या रेघा आपोआप बाकीच्या पानांवर उमटतात. तिथे काही हललं की सगळीकडे हलतं. आमच्या जुन्या डीटीपी ऑपरेटरच्या तोंडी त्याचं 'मास्तर पान' झालं होतं, आणि मला तेच जास्त पटतं. मास्तर स्वतः कधी परीक्षेला बसत नाहीत, पण अख्ख्या वर्गाचं वळण त्यांचंच असतं.

व्हेनिसचे आजोबा

संगणकावर पानं लावायचा प्रोग्रॅम, मॅकिंटॉशवरचा पेजमेकर, आला १९८५ मध्ये. 'डेस्कटॉप पब्लिशिंग', म्हणजे आपलं डीटीपी, हा शब्दही त्याच्याच कर्त्याने, पॉल ब्रेनर्डने रूढ केला. त्याच्या कंपनीचं नाव आल्डस. हे नाव व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस याच्यावरून घेतलेलं. या आल्डसने १५०१ पासून अभिजात ग्रंथ हातात मावतील अशा छोट्या आकारात आणि तिरक्या अक्षरात काढायला सुरुवात केली. १९९४ मध्ये अडोबीने आल्डस कंपनी विकत घेतली आणि १९९९ मध्ये पानं लावायचाच आपला प्रोग्रॅम, इनडिझाईन, बाजारात आणला.

पेजमेकरच्या खिडकीत तळाशी डाव्या कोपऱ्यात 'एल' आणि 'आर' अशी दोन चिमुकली पानं दिसायची. तेच मास्तर. गंमत अशी की १९९५ मध्ये सहावी आवृत्ती येईपर्यंत एका फाईलला मास्तरांची एकच जोडी मिळे. कथेला दोन कॉलम, कवितेला एक आणि भविष्याला चौकट हवी असेल तर हाताने करा, नाहीतर वेगळी फाईल उघडा.

आणि तरीही आपल्याकडे इनडिझाईन आल्यावर कितीतरी ऑपरेटर पेजमेकरला वर्षानुवर्षं चिकटून राहिले. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी इनडिझाईनचे सुरुवातीचे अवतार पाहिलेले नसावेत. देवनागरी नीट जोडण्याची सोय त्यात आली २०१२ च्या सीएस सिक्समध्ये. तोवर युनिकोड मराठी टाकलं की वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे.

पृष्ठांकाच्या जागी 'ए'

मास्तर पानावर पृष्ठांक म्हणून खरा आकडा लिहायचा नसतो, नाहीतर सगळ्या पानांवर ७ छापून येतो. (असा अंक मी पाहिला आहे. कुणाचा ते सांगत नाही.) तिथे टाकायची असते एक खूण. इनडिझाईनमध्ये कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि एन एकदम दाबायचं, म्हणजे चार बोटांचा व्यायाम. पण मास्तर पानावर ती खूण आकडा दाखवत नाही, त्या मास्तरचं नाव दाखवते: 'ए', 'बी', 'सी'. क्वार्क या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या जागी कोनी कंसातलं हॅशचं (#) चिन्ह दिसे, तर पेजमेकरमध्ये डाव्या पानावर 'एलएम' आणि उजव्यावर 'आरएम'.

आता जुन्या मराठी फॉन्टची करामत बघा. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी अक्षरं आणि मात्रा बसवलेल्या असत. त्यामुळे मास्तर पानावर 'ए'ऐवजी एखादा काना किंवा तुटकी मात्रा लोंबताना दिसे. नवा ऑपरेटर ती घाण समजून पुसून टाकी आणि पुढच्या दोनशे पानांचे आकडे एका फटक्यात गुल! उलट, इंग्रजी १ च्या जागी मराठी १ बसवलेला असल्यामुळे मराठी आकडे मात्र फुकटात मिळत.

आकड्यांवरून आठवलं. इनडिझाईनच्या मध्यपूर्वेच्या भाषांसाठीच्या सोयींमध्ये अंक निवडताना 'हिंदी' हा पर्याय आहे. आपण हरखून तो निवडतो आणि पानावर उमटतात कैरोतल्या वर्तमानपत्रातले आकडे. अरबी लोक स्वतःच्या आकड्यांना हिंदी म्हणतात, कारण ते हिंदुस्थानातून आले. आणि आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो त्यांना त्या यादीत 'अरबी' म्हटलंय. घ्या!

मधल्या पानावर मास्तर बदलले

सगळी पानं एकसारखी ठेवण्याची धडपड संगणकाहून फार जुनी आहे. गुटेनबर्गचं बायबल, साधारण १४५५ मधलं, '४२ ओळींचं बायबल' म्हणून ओळखलं जातं. पण सुरुवातीची पानं ४० ओळींची आहेत, मग एक पान ४१ ओळींचं आणि त्यानंतर ४२. काम चालू असताना कागद वाचवायची बुद्धी झाली असावी. पाच शतकांनी लोक ओळी मोजत बसतील हे त्याच्या गावीही नसणार.

त्या बायबलला छापील पृष्ठांक नव्हतेच. पानांवर आकडे छापण्याची सुरुवात कोलोनच्या अर्नॉल्ड थेर हूर्नेनने १४७० च्या सुमाराला केली, असं मानतात. मराठीत बघायचं तर बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', १८३२. पानाला दोन रकाने, एकात मराठी आणि शेजारी इंग्रजी. एकच मजकूर दोन भाषांत समोरासमोर मावेल अशी पानं दर अंकाला खिळे जुळवून लावायची! मराठी वृत्तपत्रांचं पहिलं मास्तर पान हेच, असं मी धरून चालतो.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचं उदाहरण मला फार आवडतं. प्रत्येक उद्यानाची माहितीपत्रिका वेगळ्या आकाराची, वेगळ्या तोंडवळ्याची. १९७७ मध्ये मासिमो व्हिग्नेली या डिझायनरने त्यांना 'युनिग्रिड' करून दिला: कागदाचे ठरलेले दहा आकार, वर काळी पट्टी आणि तिच्यात पांढऱ्या हेल्व्हेटिकात उद्यानाचं नाव. बाकी आत अस्वल असो की तोफ. ती काळी पट्टी आजही चालू आहे, आणि व्हिग्नेली गेले २०१४ मध्ये.

घर सोडलं, डबा आईकडचा

इनडिझाईनमध्ये मास्तरने दिलेली वस्तू पानावर साधी क्लिक करून हलत नाही. नवशिक्याला वाटतं माऊस बिघडला. कंट्रोल आणि शिफ्ट धरून क्लिक केलं की ती सुटते. त्यातही खोच आहे. समजा, एका पानावरच्या रेघेचा फक्त रंग तुम्ही लाल केलात. पुढे मास्तरवर ती रेघ खाली सरकवली तर ही लाल रेघही मुकाट्याने खाली सरकते, फक्त रंग आपला ठेवते. मुलगा वेगळा राहतो पण डबा आईकडून येतो, तसं. कायमचं तोडायचं तर 'डिटॅच' नावाची वेगळी आज्ञा आहे.

शिवाय मास्तरला मास्तर असू शकतो. 'ए'वरून 'बी' बेतला, 'बी'वरून 'सी', की आजीने टिकली बदलली तर नातीचीही बदलते. कदाचित म्हणूनच अडोबीने २०२१ मध्ये 'मास्टर पेज' हे नाव काढून 'पेरेंट पेज' केलं. खरं तर त्यामागे मालक-गुलाम या अर्थाची आठवण पुसण्याचा हेतू होता. मराठीत त्याचं काय करायचं, पालक पान? भाजीवाल्याच्या टोपलीत शोभेल. आमच्याकडे अजून मास्तरच चालतात.

आणि एक टीप, कारण दर दिवाळीत हे घडतंच: पूर्ण पानभर फोटो टाकला की पृष्ठांक गायब होतो. कुठे गेलेला नसतो. मास्तरच्या वस्तू पानावरच्या वस्तूंच्या मागे बसतात, इतकंच. मास्तर पानावर पृष्ठांक वरच्या वेगळ्या लेयरवर ठेवला की फोटोच्या डोक्यावर येऊन बसतो.

दोरा गेला, भोक गेलं

मास्तर गेले तरी वळण मागे राहतं, हे पोथ्यांत दिसतं. ताडपत्राच्या पोथीत पानाच्या मधोमध भोक असे, त्यातून दोरा ओवायचा. लिहिणारा भोकाभोवती जागा सोडून लिही. पुढे कागद आला. दोऱ्याची गरज उरली नाही, भोक पाडायचंही कारण राहिलं नाही. पण पश्चिम भारतातल्या जैन पोथ्यांत लेखक कागदावरही मधोमध ती जागा सोडत राहिले, कुठे कोरी चौकट, कुठे तिच्यात लाल ठिपका. काही पोथ्यांत पानाच्या समोरच्या बाजूला एक ठिपका आणि मागच्या बाजूला तीन, म्हणजे दोन बाजूंना दोन मास्तर. आणि ओळी सरळ येण्यासाठी तेव्हाही युक्ती होतीच. फारसी लेखक पुठ्ठ्यावर दोरे ताणून बसवत, त्यावर कागद ठेवून दाबत आणि दाबाच्या रेघांवर लिहीत. त्याला मिस्तर म्हणत. मिस्तर, मास्टर, मास्तर! व्युत्पत्तीचा संबंध शून्य, पण कानाला बरं वाटतं.

आमच्या अंकाची फाईल अजूनही दरवर्षी नव्या नावाने सेव्ह होते. साल आता दोन्ही पानांवर बदलतो, चहाच्या आधी. तिच्यात 'सी' नावाचा एक मास्तर आहे: तीन कॉलम, खाली जाड रेघ, उजवीकडे एक रिकामी चौकट. कुणी केला, कशासाठी केला, विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. एकही पान त्याच्या वर्गात नाही. यंदाही मी त्याच्यावर क्लिक केलं, डिलीटवर बोट नेलं आणि फाईल बंद केली.