टाकीच्या पुढचा पाइप

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावच्या एखाद्या गल्लीत घरांच्या मागच्या अंगाने शिरलं की संडासाच्या टाकीतून निघालेले पाइप दिसतात. चार इंची पीव्हीसी, भिंतीबाहेर वीतभर आलेला, तोंड सरळ उघड्या नालीवर. हे तोंड बंद करा, पाणी शोषखड्ड्यात वळवा, असं घरोघर सांगणाऱ्या मंडळींसोबत मी हिंडत होतो. दारातलं पहिलं उत्तर ठरलेलं असे : "टाकीतलं पाणी हाये जी, गाळूनच येते."

त्यावर वाद घालायचा नाही, हे या कामातलं पहिलं शहाणपण. सोबतचे भाऊ घरातल्या बाईंना म्हणाले, "ताई, संडासात एक बादली पाणी टाका. काका, तुम्ही माझ्यासंगं मागे चला." बादली आत ओतली गेली आणि जवळपास तेवढंच काळपट पाणी नालीत पडलं, वासासकट. भरलेल्या टाकीत जेवढं वरून येतं तेवढं पुढून निघतं. मैला तळाशी बसून कुजतो, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात कावीळ आणि हगवणीचे जंतू जिवंत असतात. काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण सगळेच सोडतात ना भाऊ."

सगळेच सोडतात, हे खोटं नाही. आपल्याकडे लहान तालुक्याच्या गावांत मैल्याची भूमिगत गटार बहुधा नसतेच. असते ती पावसाच्या आणि मोरीच्या पाण्याची नाली. २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं तेव्हा मुख्य भर संडास बांधण्यावर होता. बांधून झाला, फोटो निघाला, अनुदान मिळालं. टाकीच्या पुढचं कोणी विचारलं नाही. शहरांसाठीचा दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला आणि मैल्याचं व सांडपाण्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्यात ठळकपणे आला.

त्या घरातल्या बाईंचं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीने वेधलं. घरात येणारा नळाचा पाइप ती नाली ओलांडूनच येत होता. नळ सुटलेला असतो तोवर पाण्याच्या दाबाने घाण आत शिरत नाही. नळ गेला की पाइपात पोकळी होते, आणि सांधा सैल असेल तर नालीतलं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या खेपेला ते हंड्यात येतं. भाऊंनी हे सांगितलं तेव्हा बाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे आपलंच आपण पितो." नालीत पाइप सोडल्याबद्दल येणाऱ्या नोटिशीत कलमं असतात आणि ती लागतातही, पण त्या दारात नोटिशीपेक्षा हे वाक्य कामी आलं.

सगळ्यांत अवघड माणूस भेटतो तो मोठ्या टाकीचा मालक. "वीस वर्सं झाली, एकडावही उपसली नाही," हे तो अभिमानाने सांगतो. अशा टाकीचा बहुतेक वेळा तळच पक्का केलेला नसतो. मैल्याचं पाणी जमिनीत मुरत राहतं आणि त्याच अंगणात बोअर असते. तळ पक्का असेल, तर गाळ वरपर्यंत येऊन कधीचाच नालीत जाऊ लागलेला असतो. न भरणारी टाकी ही चांगली टाकी नव्हे, हे समजावायला वेळ लागतो. त्यातून काही घरांत टाकीवर स्वयंपाकघर बांधलेलं, झाकणावर फरशी बसलेली. ती फोडा म्हणायला जीभ रेटत नाही, तरी म्हणावं लागतं. दर दोन-तीन वर्षांनी गाळ निघायला हवा, आणि तो मैला उपसणाऱ्या गाडीच्या पाइपनेच निघायला हवा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी माणसं उतरवली गेली, मेली. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाला भरपाईची रक्कम दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिकमधल्या सिन्नरने यावर सरळ वाट काढली : टाकी तुंबायची वाट न बघता दर तीन वर्षांनी घराघरांच्या टाक्या पाळीने उपसायच्या. आपल्या लहान गावांनी हीच वाट धरावी, असं मला मनापासून वाटतं.

शोषखड्ड्याचं गणित आपल्या मातीमुळे बिघडतं. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते. चार फूट खणून विटांचे तुकडे भरले, तर पहिल्याच पावसाळ्यात खड्डा तुंबतो आणि मालक पाइप पुन्हा नालीत सोडतो. म्हणून काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. तपासायची पद्धत साधी आहे : लहान खड्डा रात्रभर भिजवायचा, सकाळी त्यात पाणी ओतायचं आणि पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते बघायचं. अर्ध्या तासात उतरलं तर शोषखड्डा चालेल. त्याहून जास्त, पण तासाभरापर्यंत वेळ लागला तर खडी भरलेला लांब चर बरा. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर साठ फुटांच्या आत नको. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे करून सांडपाण्याची नालीच संपवली. पुढे त्याला नांदेड पॅटर्न म्हणू लागले. तो मोरीच्या पाण्याचा होता, संडासाच्या टाकीचा नव्हे. पण लोकांना शेजारच्या गावाचं नाव सांगितलं की ते ऐकून घेतात.

खरी ओळख करून घ्यायची ती गवंड्याशी. टाकीत दोन कप्पे करायचे की एक, तोंडाशी टी-आकाराचा सांधा बसवायचा की नाही, तळाला काँक्रीट टाकायचं की नाही, हे मालक ठरवत नाही, गवंडी ठरवतो. हवेच्या पाइपला जाळी बांधा, डास तिथूनच निघतात, हे आरोग्य सेवक दारोदार सांगतात. गवंड्याने बांधतानाच ती लावली तर सांगायची वेळ येत नाही. एका गवंड्याला पटलं की त्याची पुढची सगळी घरं सुधारतात.

आणि वेळ बघून जावं. पेरणीच्या तोंडावर खर्चाची गोष्ट काढली तर दार लागतं. कापूस विकून पैसा हाती आला की माणूस ऐकतो, घरात लग्न ठरलं असेल तर हौसेने ऐकतो. खणायचं मात्र उन्हाळ्यातच. पाऊस लागल्यावर काळ्या मातीचे काठ ढासळतात. त्या काकांनीही उन्हाळाच सांगितला, अट एकच घातली : शेजारचे दोघं तयार असतील तर. एकट्यासाठी जेसीबी बोलावणं परवडत नाही, तिघांत परवडतं. भाऊ लगेच शेजारच्या दाराकडे वळले आणि जाता जाता त्यांनी बादली मागून घेतली.