हवाई बंदूक : तिची पारख व जुळणी

यात्रेंत फुगे फोडण्याची बंदूक ज्यानें एकदां तरी खांद्यास लाविली नाहीं, असा विद्यार्थी आपल्या वाशीम जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. पांच छर्रे संपतात, फुगा एकच फुटतो, सोबती हंसतात, आणि बिचारा नेमबाज खालीं मान घालून म्हणतो, "आपला हातच वाईट." परंतु पुष्कळ वेळां दोष हाताचा नसून बंदुकीचा असतो. तो ओळखावा कसा व दूर करावा कसा, हें सांगण्याचा येथें आमचा विचार आहे.

या विषयास हल्लीं विशेष महत्त्व आलें आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडी या खेड्याचे स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलींत कांस्यपदक जिंकलें. तेव्हांपासून "आम्हांसहि बंदूक घेऊन द्या," असा हट्ट घरोघरीं ऐकूं येतो. स्पर्धेंतील आजच्या हवाई रायफलींत आधींच दाबून भरलेली हवा वापरतात व त्या फार महाग असतात. परंतु नेम, श्वास व चाप यांचे पहिले धडे साध्या स्प्रिंगच्या बंदुकीवरहि उत्तम गिरवितां येतात.

प्रथम तिची रचना पाहूं. नळी मोडून खालीं ओढली म्हणजे आंतील दट्ट्या मागें सरतो, स्प्रिंग दबते व दट्ट्या खटक्यांत अडकतो. चाप ओढतांच स्प्रिंग उसळून दट्ट्यास पुढें लोटते; पुढील हवा एकदम दबते, तापते, आणि छर्ऱ्यास नळींतून बाहेर फेंकते. येथेंच या बंदुकीची खोड आहे. दट्ट्या पुढें धांवतो तेव्हां बंदूक मागें सरते. दट्ट्या हवेच्या गादीवर आदळतो तेव्हां ती पुढें उसळते. छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वींच ही धडपड सुरू झालेली असते. म्हणून जो तिला घट्ट आवळून धरतो, त्याचा नेम दर वेळीं निराळ्या दिशेस भरकटतो. तिला हलक्या हातानें व दर वेळीं एकाच जागीं धरावें.

आतां निवड. पुष्कळांचा समज असा, कीं जी जोरकस ती चांगली. हा समज चुकीचा आहे. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटरपर्यंत छिद्र व २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाहीं, त्यापलीकडे लागतो. विज्ञानाच्या तासास शिकलेलें सूत्र येथें उपयोगी पडतें. अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदास सुमारें २८३ मीटर वेगानें सुटला, तर ऊर्जा २० जूल होते. दहा मीटरांवरील कागदी लक्ष्यास मात्र सेकंदास १७० मीटर वेग पुरतो; त्याची ऊर्जा सात-साडेसात जूलच भरते. जोर कमी म्हणजे झटका कमी, आणि झटका कमी म्हणजे नेम स्थिर. तो छर्रा दहा मीटरांत सुमारें १७ मिलिमीटर खालीं येतो. परंतु दर वेळीं तितकाच येत असल्यानें नेमाच्या पट्टीनें तें भरून काढतां येतें.

दुकानांत चार गोष्टी पाहाव्या. दस्ता खांद्यास लाविला असतां बोट चापापर्यंत सहज पोंचावें व मुलास बंदूक स्वतःच ताणतां यावी. नळी बंद करून आडवी हालवून पाहावी. ती सांध्यांत डुगडुगत असेल, तर ती बंदूक फुकट मिळाली तरी घेऊं नये. मागील खाच वरखालीं व डावीउजवीकडे सरकणारी असावी. चाप दर वेळीं सारख्याच दाबानें सुटावा. दुर्बीण प्रथम घेऊंच नये. या बंदुकीच्या दुहेरी झटक्यानें साधी दुर्बीण लवकर बिघडते.

जुळणी क्रमानें करावी. एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत टिपावा. पहिल्यानें दस्त्याचे स्क्रू पाहावे. आम्हीं एकदां महिनाभर आपल्या डोळ्यांस दोष दिला, आणि शेवटीं दोन स्क्रू ढिले निघाले! दुसरें, नळीच्या सांध्याचें वॉशर. सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवून बार काढावा; पट्टी उडाली तर हवा गळते असें समजावें. तिसरें, वंगण. हवेच्या कोठींत तेल कदापि सोडूं नये. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनांत दबलेल्या हवेच्या उष्णतेनें जसें इंधन पेटतें, तसेंच तें तेल येथें पेटतें. धूर निघतो, मोठा आवाज होतो व वॉशर जळतें. स्प्रिंग घरीं उघडूं नये. ती दाबांत बसविलेली असते व उसळून इजा करते. तें काम जाणत्या कारागिराचें.

चौथें, छर्रे. कागदासाठीं चपट्या तोंडाचे घ्यावे. ते स्वच्छ गोल भोक पाडतात. तीन-चार प्रकारचे छर्रे पांच-पांच झाडावे, व ज्याचा पुंजका लहान पडेल तो प्रकार आपल्या बंदुकीचा समजावा. पुंजका मध्यापासून दूर पडला तरी चिंता नाहीं. आधीं पुंजका लहान करावा, मग तो मध्यावर आणावा. छर्रे ज्या दिशेस न्यावयाचे त्याच दिशेस मागील खाच सरकवावी. स्पर्धेच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तेव्हां उतावळेपणा कामाचा नाहीं.

सावधगिरीचे नियम मोडण्यास मुभा नाहीं. छर्रा भरतांना उघडी नळी दुसऱ्या हातानें धरून ठेवावी व बोट चापापासून दूर असावें. नळी उसळून मिटल्यास बोटें चिरडतात. छर्ऱ्यावांचून बार काढूं नये. लक्ष्यामागें दगड किंवा उघडी भिंत नसावी; चिंध्यांनीं गच्च भरलेला लांकडी खोका व त्यामागें जाड पत्रा असावा. डोळ्यांस चष्मा असावा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नंतर हात साबणानें धुवावे. आणि वडील माणूस जवळ असल्यावांचून बंदूक हातीं घेऊं नये.

शेवटीं एक गोष्ट सांगतों. बाराव्या वर्षीं आमच्या हातीं बंदूक आली, आणि आठ दिवसांत आम्हीं बांधावरच्या बाभळीवरील एक होला पाडला. नेम अचूक लागला होता. त्यास ओंजळींत घरीं आणिलें, पाणी पाजलें. दिवेलागणीस तो गेला. बाबा रागावले नाहींत. त्यांनीं बंदूक माळ्यावर टाकिली व तीन महिन्यांनीं, पुठ्ठ्यावर स्वतः वर्तुळें काढून, ती परत दिली. "नेम धरावयाचा तर येथें धर," इतकेंच ते म्हणाले. वन्य पक्षी मारणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, हें आम्हांस पुढें कळलें. ज्या जिल्ह्यांत कारंजा-सोहोळ येथें काळविटांसाठीं अभयारण्य राखलें आहे, तेथील मुलांस हें निराळें सांगावयास नको.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं बंदूक देण्यापूर्वीं पुठ्ठा, खोका व आपला रोजचा अर्धा तास द्यावा. तो देणें शक्य नसेल, तर बंदूकहि देऊं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, कागदावरील पुंजका दिवसेंदिवस लहान होत जातो, त्या आनंदास कोणाचा जीव घ्यावा लागत नाहीं.