निळ्या दिव्याखालचे तोंड : कर्करोग वेळेत ओळखणारे प्रकाशतंत्र

कापडाच्या धंद्यात नजर हीच खरी पुंजी. पांढरा तागा ट्यूबलाइटखाली एक दिसतो आणि ओट्यावर उन्हात नेला की वेगळाच दिसतो. नोटा तपासण्याच्या दिव्याखाली धरला तर तो निळसर चमकतो, कारण गिरणीत त्याला टिनोपालसारखे उजाळा देणारे द्रव्य लावलेले असते. त्याच दिव्याखाली खऱ्या नोटेतले तंतूही चमकतात. साध्या उजेडात लपलेली गोष्ट योग्य उजेडात उघडी पडते. तोंडाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठी निघालेली प्रकाशाची यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण आहे. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जिप्सीचालक, गाईड, रिसॉर्टचे कामगार, बांबूचे कारीगर यांच्यापैकी अनेकांच्या खिशात खऱ्र्याची पन्नी असते. रिसॉर्टांना चादरी-पडदे पुरवणारे आमच्यासारखे व्यापारी, त्यांचे हमाल आणि शिंपी यांच्यातही हे व्यसन आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा चंद्रपूर-गडचिरोलीत घट्ट बसला आहे. गडचिरोलीत तर दारू-तंबाखूविरुद्ध २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान चालवावे लागले. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नोंदवले आहे. तेव्हा ‘आम्ही बिनतंबाखूची खातो’ ही सबब चालत नाही.

आता यंत्राचे काम पाहू. डॉक्टर तोंडात निळा-जांभळा प्रकाश टाकतात व खास गाळणीच्या काचेतून पाहतात. निरोगी अस्तरातील काही नैसर्गिक द्रव्ये हा प्रकाश शोषून फिकट हिरवी चमक परत देतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. पेशी बिघडून वाढू लागल्या की अस्तर जाड होते, खालचे धागे विस्कटतात, तेथे रक्तही वाढते. मग चमक मावळते आणि ती जागा काळपट दिसते. साध्या डोळ्यांना डागाची कड जेथे संपलेली वाटते, तिच्या पलीकडेही बिघाड पसरला असेल तर तो असा दिसू शकतो. सुई नाही, चिरा नाही, क्ष-किरण नाहीत.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. तिरुवनंतपुरमच्या सास्कॅन कंपनीने ‘ओरलस्कॅन’ हे हातात धरायचे यंत्र २०२० साली बाजारात आणले. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तेथे रामन तंत्राने तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली दाखवले होते की पदार्थावर पडून विखुरणाऱ्या प्रकाशातील अगदी थोडा भाग रंग बदलून परत येतो. हा बदल प्रत्येक पदार्थाचा वेगळा असतो. निरोगी व रोगी पेशींतील फरक त्यावरून ओळखता येतो.

पण यंत्राला काझी समजू नये. साधी जखम, सूज, दाताचा घासही काळपट दिसतो. उलट चमक दिसली म्हणून निर्धास्त राहणेही धोक्याचे. हा दिवा फक्त कोठे पाहायचे ते दाखवतो. निकाल लागतो तो त्या जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच, म्हणजे बायोप्सीने. केवळ यंत्र दाखवून कोणी ‘कर्करोग आहे’ किंवा ‘नाही’ असे छातीठोक सांगत असेल तर सावध राहावे.

आणि यंत्र जवळ नाही म्हणून थांबण्याचेही कारण नाही. केरळात १९९६ पासून सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला. त्यातील निम्म्या भागात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे चांगल्या उजेडात फक्त डोळ्यांनी तपासली. २००५ साली निष्कर्ष आला की तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. जाणकार नजर, चांगला उजेड आणि वेळेवर तपासणी, एवढ्यावर हे साधले.

म्हणून खर्रा खाणाऱ्याने महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, तिखटाने होणारी आग, किंवा आपलीच तीन बोटे उभी मावत नाहीत इतके आखडलेले तोंड, यातले काहीही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो फसवतो. भद्रावती किंवा चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात दंत अथवा कान-नाक-घसा विभागात दाखवावे. पुढील उपचारासाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, तेव्हा रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत ठेवावे.

रोजी बुडेल म्हणून कारीगर दवाखान्यात जात नाही, ही खरी अडचण आहे. ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते आणि पावसाळ्यात तीन महिने सफारी थांबते. मोहर्लीच्या लोकांनी हे दिवस तपासणीसाठी वापरावेत. इतरत्र मालकांनी वर्षातून एक दिवस पगारी सुट्टी देऊन आपली माणसे तपासून आणावीत. आणि जे बांधव स्वतःच्या गल्ल्यावर खर्रा विकतात, त्यांनी या कमाईचा हिशेब मनाशी एकदा जरूर मांडावा.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. मालातला दोष गिऱ्हाइकाआधी आपल्या नजरेस पडावा म्हणून आपण इतके जपतो. तीच नजर जुम्याच्या नमाजनंतर एकमेकांच्या तब्येतीकडेही वळली तर कितीतरी घरांचे कमावते हात वाचतील, इन्शाअल्लाह.