खडबडीत चांदी आणि रेणूंची ओळख



२८ फेब्रुवारी आला की आपण सगळे शिक्षक फळ्यावर तीच माहिती लिहितो. १९२८ साली याच दिवशी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांना, के. एस. कृष्णन यांच्या साथीने, रामन परिणाम सापडला. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालं. मीही दरवर्षी एवढंच सांगायचे. मागच्या वेळी मात्र सातवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, एक कोटी कणांत एखादाच कण बदलून येतो म्हणता, मग तो सापडतो कसा?"

त्या तासाला मला उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगते" म्हटलं आणि घरी वाचत बसले. हा लेख म्हणजे तेच उत्तर आहे, जरा सविस्तर.

आधी रामन परिणाम थोडक्यात पाहू. भिंतीवर चेंडू मारला तर तो साधारण तसाच परत येतो असं समजा. पण झाडाला टांगलेल्या टायरवर मारला तर? टायर हलतो आणि चेंडूचा थोडा जोर टायरच खातो. रेणूमधले अणू असेच सतत हलत, ताणले जात असतात. त्यांच्यावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला की बहुतेक प्रकाशकण जसेच्या तसे परत फिरतात. पण साधारण कोटीत एखादा कण रेणूच्या हालचालीला थोडी ऊर्जा देऊन, किंवा तिच्याकडून घेऊन, बाहेर पडतो. त्यामुळे त्याचा रंग किंचित बदलतो. किती बदलला यावरून रेणूत कोणते बंध आहेत ते कळतं. प्रत्येक पदार्थाचा हा नमुना वेगळा, अगदी अंगठ्याच्या ठशासारखा.

अडचण तीच, जी त्या मुलीने काढली. पदार्थ भरपूर असेल तर कोटीत एक कणही पुरतो, कारण लेसरमधून कण अब्जावधींनी येत असतात. पण पदार्थ चिमूटभरही नसेल, पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर असेल, तर ठसा इतका पुसट होतो की वाचताच येत नाही.

आता गोष्ट जाते इंग्लंडमध्ये. १९७४ साली साउदॅम्प्टन विद्यापीठातले फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन हे तिघे चांदीच्या इलेक्ट्रोडवर चिकटलेल्या पिरिडीन या पदार्थाचा अभ्यास करत होते. जास्त रेणू चिकटावेत म्हणून त्यांनी चांदीचा पृष्ठभाग विजेच्या मदतीने मुद्दाम खडबडीत केला. विचार साधा होता: खडबडीत म्हणजे जागा जास्त, जागा जास्त म्हणजे रेणू जास्त. आणि खरोखरच ठसा ठळक आला! त्यांना वाटलं, आपला हिशोब बरोबर निघाला.

पण तो बरोबर नव्हता. १९७७ साली अमेरिकेत जीनमेअर आणि व्हॅन ड्यून यांनी, आणि इंग्लंडमध्ये अल्ब्रेक्ट आणि क्रेटन यांनी, स्वतंत्रपणे दाखवून दिलं की ठसा लाखभर पटींनी वाढलेला आहे. पृष्ठभाग कितीही खरवडला तरी जागा लाख पटींनी वाढत नाही. म्हणजे चांदी फक्त रेणूंना बसायला जागा देत नव्हती, आणखी काहीतरी करत होती. (मुलांना मी हा भाग आवर्जून सांगते. उत्तर बरोबर आणि रीत चूक, असं त्यांच्याही वहीत होतंच की!)

मग चांदी करते काय? धातूमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे असतात. प्रकाश ही विद्युत-चुंबकीय लहर. ती धातूच्या बारीक उंचवट्यावर पडली की तिथले सगळे इलेक्ट्रॉन एकदम इकडून तिकडे डोलू लागतात. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो ना, तसंच इथे. प्रकाशाची लय आणि इलेक्ट्रॉनच्या डोलण्याची लय जुळली की डोलणं खूप वाढतं. याला प्लाझ्मॉन म्हणतात. १९७८ साली मार्टिन मॉस्कोव्हिट्स यांनी या वाढीचा संबंध प्लाझ्मॉनशी जोडला. हे डोलणं डोळ्यांना दिसतंसुद्धा: सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले तर पाणी पिवळं नाही, माणकासारखं लाल दिसतं.

उंचवट्याच्या टोकाशी किंवा दोन कणांमधल्या फटीत विद्युतक्षेत्र एकवटतं. समजा ते तिथे १० पट झालं. प्रकाशाची तीव्रता क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून रेणूवर १०० पट प्रकाश पडला. रेणूने जो बदललेला प्रकाश सोडला त्यालाही तोच धातू पुन्हा जवळपास १०० पट वाढवतो. १०० गुणिले १००, झाले १०,००० पट! क्षेत्र १०० पट झालं तर हाच आकडा १० कोटींवर जातो. वर्गाचा वर्ग शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही. याशिवाय रेणू आणि धातू यांच्यात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होऊनही थोडी वाढ होते, पण मोठा वाटा क्षेत्राचाच.

लोखंड का चालत नाही? त्यातल्या इलेक्ट्रॉनचं डोलणं लगेच विरतं. दिसणाऱ्या प्रकाशात चांदी सर्वांत सरस, पण पैंजण काळे पडतात तशी तीही काळवंडते, म्हणून पुष्कळदा सोनं वापरतात. १९९७ साली तर दोन वेगवेगळ्या गटांनी चांदीच्या कणांवर एकेकट्या रेणूचा ठसा टिपल्याचं जाहीर केलं.

याचा उपयोग कुठे होतो, तर मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं. तिथे मार्को लिओना यांनी सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या चामड्याच्या तुकड्यावरचा लाल रंग तपासला. एवढ्या जुन्या वस्तूचा मोठा तुकडा कोण कापू देईल? डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा नमुना चांदीच्या कणांबरोबर ठेवून त्यांनी ओळखलं, की रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या झाडाच्या मुळांचा आहे. अशा रंगांवर लेसर टाकला की ते स्वतःच चमकतात आणि पुसट ठसा त्या चमकेत बुडून जातो. धातू ती चमकही दाबतो, हा दुहेरी फायदा.

मात्र ही जादूची कांडी नाही. रेणू धातूला चिकटलेला किंवा काही नॅनोमीटरच्या आत हवा, आणि आपला केस तर जवळपास ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. जो पदार्थ चांदीला चिकटतच नाही तो समोर असूनही दिसत नाही. शिवाय फटी सगळीकडे सारख्या नसतात. एक रेणू नेमका फटीत बसला तर ठसा ठळक, शेजारचा सपाट जागी बसला तर पुसट. त्यामुळे "कोणता पदार्थ आहे?" याचं उत्तर जितकं सहज मिळतं, तितकं "किती आहे?" याचं मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं वर्गात सांगितलं. त्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते फट मोजतात कशाने?"