सायकलस्वाराचे पावसाळी कापड

मी वस्त्रतज्ज्ञ नव्हे. कामगारांच्या द्वारसभांना वर्षानुवर्षे सायकलीवरून जाणारा मी एक माणूस आहे. आजचा प्रश्न साधा आहे. पावसात सायकल चालविणाऱ्याने अंगावर कोणते कापड घ्यावे?

प्लास्टिकचा स्वस्त कोट पाणी अडवितो खरा. पण घामही आतच कोंडतो. पायडल मारणारा आतून भिजतो आणि त्याच ओल्या सदऱ्यानिशी आठ तासांच्या पाळीवर उभा राहतो. मेण चोळलेले सुती कापड पाऊस चांगला अडविते. परंतु त्यातूनही वाफ फारशी जात नाही.

याहून वेगळी वाट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये सापडली. बर्फगार समुद्रात पडलेला वैमानिक काही मिनिटांतच गारठून मरत असे. त्याला पाणी अडविणारा, पण विमानात बसल्यावर न उकडणारा पोशाख हवा होता. त्यासाठी विणलेले कापड म्हणजे व्हेंटाइल.

त्यातील युक्ती कापसाच्याच स्वभावात आहे. लांब तंतूचा कापूस, सुताला हलका पीळ आणि अतिशय दाट वीण. कोरडेपणी बारीक छिद्रांतून घामाची वाफ निघून जाते. कापड भिजले की तंतू फुगतात, एकमेकांना खेटतात आणि छिद्रे मिटतात. पाणी घरंगळावे म्हणून वरून एक रासायनिक प्रक्रियाही करतात. पूर्वी तीत वापरलेली फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात दीर्घकाळ टिकून राहतात. म्हणून त्यांच्याविना केलेले कापड मिळाल्यास तेच घ्यावे.

आता निवड कशी करावी? कापड उजेडासमोर धरा. टाचणीएवढी भोके दिसता कामा नयेत. पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा उभा राहिला पाहिजे. खांद्यावर शिवण नसावी, कारण पाणी प्रथम तेथूनच शिरते. पाठ लांब असावी, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे कापड महाग आहे. भिजल्यावर ते जड व ताठ होते आणि सावकाश वाळते. रिमझिम आणि वारा यांसाठी ते उत्तम. कोकणातल्या संततधारेत मात्र रबरी कोटच बरा.

मालकाकडे पावसाळी कोट मागताना आपण संख्या मोजतो, कापड पाहत नाही. यापुढे मागणीच्या कागदावर कापडाचा प्रकारही लिहावा. कोट मिळाला आणि अंग ओलेच राहिले, तर ती मागणी मान्य झाली असे कसे म्हणावे?