पहिल्या केसपेपरवर काय लिहिलंय?

बेळगावच्या एका खासगी दवाखान्यात मी रात्रपाळीला होते. शिनोळीकडची एक बाई आणली. शहरात रस्ता ओलांडताना टेम्पोनं उडवलेलं, मांडीचं हाड मोडलेलं. दीर म्हणाला, "पडली." पोलिसांची कटकट नको, तीही दोन राज्यांच्या, हा त्याचा हिशेब. मीही केसपेपरवर लिहिलं, 'पडून इजा'. पुढे भरपाईचा दावा लागला, तेव्हा विमा कंपनीच्या वकिलानं तोच कागद पुढे केला. ती ओळ माझ्या हातची होती. अजून सलते.

म्हणून भगिनींनो, दवाखान्यात पोचताच खरं सांगा. वाहनानं धडक दिली, कुठे, किती वाजता, गाडीचा नंबर. आणि 'एमएलसी करा' म्हणा, म्हणजे पोलिसांना कळवलं जातं. वस्तीतली माणसं इथेच कचरतात. उपचार थांबतील असं त्यांना वाटतं. एमएलसीमुळे उपचार थांबत नाहीत.

सीमेवर पुढचा प्रश्न हद्दीचा. अपघात बेळगावात, घर चंदगड तालुक्यात. 'आमची हद्द नाही' म्हणून पोलिसांना परतवता येत नाही. तक्रार घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. बेळगावात एफआयआर कन्नडमध्ये असेल. सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा, तो कायदाच आहे. प्रतही फुकट मिळते.

दावा मात्र बेळगावातच लावायला हवा असं नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे तो अपघाताच्या ठिकाणी, गाडीमालक राहतो तिथे, किंवा आपण राहतो तिथेही करता येतो. दर तारखेला रोजगार बुडवून बेळगाव गाठण्यापेक्षा हे बरं. कायद्यात मुदत सहा महिन्यांची लिहिली आहे, तेव्हा प्लास्टर निघायची वाट पाहू नका.

गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर वेगळी योजना आहे. मृत्यूला २ लाख, गंभीर इजेला ५० हजार. इथे घरचा तालुका चालत नाही. अर्ज अपघात झाला त्या तालुक्याच्या तहसीलदार किंवा प्रांताकडे करायचा.

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं, रिक्षाच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. कायमचं अपंगत्व आलं तर सरकारी दवाखान्याचा दाखला काढा. आणि 'ती काय कमावते, घरीच असते' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. घरकामाची किंमत सर्वोच्च न्यायालयानंही धरली आहे.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना उत्पन्न न पाहता वकील मोफत मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरतात. जातीचा दाखला सोबत न्या. दवाखान्याच्या दारातच 'मिळेल त्यातले निम्मे माझे' म्हणणारा दलाल भेटेल. असा टक्केवारीचा करार करायला वकिलांना मनाई आहे. त्याच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.