ऑलिव्हच्या पायाशी

क्रीट बेटावरची ऑलिव्हची बाग पाहायची तर जानेवारीत पाहावी. आपले डोंगर श्रावणात हिरवे होतात, तिथले ऐन थंडीत. भूमध्य समुद्राच्या काठाला पाऊस हिवाळी. मे ते सप्टेंबर जमीन नुसती भाजत असते. रसायनं वापरणाऱ्या बागेत झाडांखालची जागा तणनाशक मारून लख्ख केलेली दिसते. सेंद्रिय बागेत गुडघाभर रान माजलेलं असतं. आपल्याकडचा एखादा कष्टाळू शेतकरी ते पाहून मालकाला आळशीच ठरवील.

पण ते रान मुद्दाम ठेवलेलं असतं. बागा उतारावर, दगडी बांध घालून केलेल्या. उघड्या जमिनीवर हिवाळी सर कोसळली की माती बांधाखाली जाते. म्हणून पाऊस आहे तोवर गवत राहू द्यायचं, मधल्या पट्ट्यांत नत्रासाठी बाकला पेरायचा आणि वसंतात, पाऊस सरता सरता, सगळं कापून तिथेच अंथरायचं. कापणी लांबली तर हेच रान झाडाच्या वाटचं पाणी पितं आणि उन्हाळ्यात वणव्याला सरपण होतं. सगळी कसोटी त्या चार-सहा आठवड्यांत लागते.

आणि या रानातलं बरंचसं खाण्याजोगं आहे. रानातून खुडलेल्या पालेभाज्यांना ग्रीक लोक ‘होर्ता’ म्हणतात. पहिल्या पावसानंतर बायका सुरी आणि पिशवी घेऊन बागेत उतरतात: रानचिकोरी, काटेरी आस्कोलिंब्री, आणि सगळ्यांत मानाची स्तामनागाथी. हिचं नाव ‘स्तामनी’ म्हणजे पाण्याचा घडा आणि ‘आगाथी’ म्हणजे काटा यांवरून पडलं. वाळलेलं काटेरी झुडूप घड्याच्या तोंडात खोचलं की किडे आत जात नसत. आज तिला खाणावळींत इतकी मागणी आहे की शेतकरी ती वाफ्यांत लावू लागले आहेत. कालचं तण आजचं पीक झालं.

अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या, 1958 मध्ये सुरू झालेल्या सात देशांच्या अभ्यासात हृदयविकाराने होणारे मृत्यू क्रीटच्या पुरुषांत सर्वांत कमी आढळले. जगाने त्यांच्या आहारातलं ऑलिव्ह तेल तेवढं उचललं. ते तेल ज्या कडू पाल्यावर ओतलं जात होतं, तो मात्र विसरला गेला. तेल बाटलीत भरून विकता येतं, हे त्याचं साधं कारण असावं.

रान झाडाच्या पायाशीच थांबत नाही. कधी कधी झाड स्वतःच अर्धं रानटी असतं. रायवळ कोयीच्या खुंटावर हापूसचं कलम बांधतात, तसं तिथे जंगली ऑलिव्हवर लागवडीच्या जातीचं कलम करण्याची रीत जुनी आहे. हानिया शहराच्या पश्चिमेला वूवेस गावात असंच एक झाड उभं आहे. खोडाचा घेर साडेबारा मीटर, वय किमान दोन हजार वर्षं धरतात. नेमकं सांगता येत नाही, कारण गाभा पोकळ झाला आहे आणि वर्तुळं मोजायला लाकूडच उरलेलं नाही. ते अजूनही फळतं.

मला सर्वांत आवडते ती बांधावरची एक चिकट, उग्र वासाची, पिवळ्या फुलांची वनस्पती: डिट्रिकिया, गावच्या भाषेत आकोनिझा. दिसायला अगदीच टाकाऊ. तिच्या फुलांत एक बारीक माशी गाठी करते. त्या माशीच्या अळीवर एक परजीवी गांधीलमाशी वाढते, आणि हीच गांधीलमाशी ऑलिव्हच्या फळात शिरलेल्या फळमाशीच्या अळीवरही अंडी घालते. म्हणजे बांधावरचं तण बागेच्या राखणदाराला हिवाळाभर पोसतं. एवढ्याने फळमाशी संपते असं नाही. सापळे टांगावे लागतातच. तरी बांध साफ करण्याआधी दोनदा विचार करावा, इतकं काम ती नक्की करते.

मात्र ‘रान ते सगळं छान’ असंही नाही. हिवाळ्यात बागांखाली जो पिवळाधमक गालिचा पसरतो तो आपल्या आंबुशीच्या दक्षिण आफ्रिकी बहिणीचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती माल्टात आली; तिथले लोक तिला अजून ‘इंग्रजी तण’ म्हणतात. तिचा प्रसार मुख्यतः जमिनीतल्या इवल्या कंदांवाटे होतो, त्यामुळे चिडून नांगर घातला की कंद आणखी दूर जातात. मेंढ्यांनी जास्त खाल्ली तर त्यातल्या ऑक्झलेटने विषबाधा होते. वसंत सरला की ती आपणहून वाळते, म्हणून काही शेतकरी तिच्याकडे काणाडोळा करतात.

उन्हाळ्यात क्रीटला गेलात तर खाणावळीत ‘व्लिता’ मागवा. आपल्या माठाच्याच कुळातली भाजी येईल, आणि सॅलडमध्ये ‘ग्लिस्त्रिदा’ असेल तर ती आपली घोळ. फोडणीची अपेक्षा ठेवू नका. माठ नुसता उकडलेला, वर तेल आणि लिंबू.